छत्रीवाल्याची भिजकी बदकं

ज्या माणसाची ही गोष्ट आहे, त्याला सारी गल्ली छत्रीवाला म्हणायची. छत्र्या तो विकत नसे, दुरुस्त करी. बाजाराच्या कोपऱ्यावर दोन दुकानांच्या मधल्या बोळात त्याची बैठक होती. बसायला एक पाट, एक लाकडी पेटी, काड्यांचा जुडगा, तारेची भेंडोळी आणि मेण वितळवायची काळीठिक्कर कढई. छत्र्यांचे दिवस सरले की तो ताडपत्र्या घेई. फाटलं शिवी, विरलं त्यावर ठिगळ लावी, आणि मग मेण आणि जवसाचं तेल एकत्र कढवून ते गरम गरम कापडावर चोळी. त्याच्या हाताखालून गेलेल्या ताडपत्रीवर घागर उपडी केली तरी खालचा कागद कोरडा राही. ही बढाई तो स्वतः मारत नसे, पण दुसरा कुणी मारू लागला तर त्याला अडवतही नसे.

त्याच्या धंद्याचं खरं भांडवल म्हणजे संशय. गिऱ्हाईक छत्री पुढे करून सांगे, "इथून गळते." छत्रीवाला मान हलवी आणि त्या बोलण्यावर कवडीचा विश्वास ठेवत नसे. छत्री उघडून तो उन्हाकडे धरी, आत डोकं घाली, एक डोळा मिटी आणि पाकळी न पाकळी चाचपत जाई. पाणी पडतं एकीकडे आणि शिरतं भलतीकडेच, हे त्याला हजार छत्र्यांनी शिकवलं होतं. पण कापडावर संशय घेता घेता माणसांवरही घ्यायची खोड त्याला लागली. दूधवाल्याचं माप, शेजाऱ्याचं हसू, सोयऱ्याचा नमस्कार, सगळं तो उन्हाकडे धरून बघे. कुणी चहा पाजला तर चहा गोड लागण्याआधी प्रश्न पडे, ह्यानं का पाजला? बायको होती तोवर ती म्हणायची, "तुमच्या पोटात विश्वासाचा दाणा पडला तरी उगवायचा नाही." ती गेली, आणि असं तोंडावर सांगणारं कुणी उरलं नाही.

बदकं त्याच्याकडे आली ती एका ताडपत्रीवाल्या गिऱ्हाइकाकडून. तो माणूस बिऱ्हाड हलवत होता. टोपली पाटाशी ठेवून म्हणाला, "सांभाळा, नाहीतर कुणाला देऊन टाका." छत्रीवाल्यानं टोपलीत पाहिलं. तीन पांढरी बदकं, एक नर, दोन माद्या. आजारी असणार, त्याच्या मनात आलं, नाहीतर फुकट कोण देतो? सवयीनं हाताशी तांब्या होता तो उचलून त्यानं एकीच्या पाठीवर पाणी ओतलं. आणि तो तसाच बसून राहिला. पाणी अळवाच्या पानावरून पळावं तसं पळालं. थेंबाथेंबाचे मणी झाले, घरंगळले, आणि खाली पीस जसंच्या तसं, पावडर लावल्यासारखं कोरडं.

"असं कापड," तो हळूच म्हणाला, "मी जन्मात बघितलं नाही."

त्या दिवसापासून तो बदकांच्या नादी लागला. नराचं नाव मुकादम, कारण तो काम न करता मागं मागं चालायचा. माद्या थोरली आणि धाकटी. घरामागं अंगण होतं, अंगणाच्या पुढं उताराला एक डबकं. बदकं दिवसभर डबक्यात डुंबायची आणि दिवेलागणीला एका रांगेत घरी यायची. छत्रीवाला बाजारातून आला की एक तांब्या धाकटीच्या पाठीवर ओती, मणी पळताना बघे, आणि मगच तोंडात घास घाली.

पुढं थंडी पडली. छत्रीवाल्याला वाटलं, एवढ्या गार पाण्यात ह्यांचं काय काम? त्यातच भिंतीपलीकडे एकानं लाँड्री टाकली. साबणाचं पाणी, निळीचं पाणी. उद्या ते डबक्यात उतरलं तर? त्यानं अंगणाला बांबूच्या तट्ट्याचं कुंपण घातलं आणि बदकांना आत ठेवलं. प्यायला एक पसरट परात दिली, चोच बुडेल एवढ्या पाण्याची. धंद्याचा साधा हिशेब होता: वस्तू जितकी पाण्यापासून लांब, तितकी कोरडी. बदकांनी चार दिवसांत परातीभोवती राडा केला. पायांनी चिखल तुडवला, चोचींनी अंगावर उडवला. पांढरी बदकं मळकट झाली, पण कोरडी होती, आणि छत्रीवाला समाधानात होता.

मग एका सकाळी अवेळी भुरभुर पाऊस आला. छत्रीवाला हौसेनं दारात उभा राहिला, मणी बघायला. मणी काही दिसेनात. पाणी पिसांत शिरत होतं. धाकटीच्या अंगाला पिसं अशी चिकटली की फरशी पुसायचं फडकं बरं. ती भिंतीच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि थरथरू लागली.

भिंतीवरून लाँड्रीवाल्याचं डोकं वर आलं. तो पोटानं सुटलेला, जिभेनं त्याहून सुटलेला माणूस.

"काय छत्रीवाले, बदकंपण दुरुस्तीला घ्या की आता."

"तुमचं काम करा."

"नाही, म्हटलं ठिगळ बिगळ लावायचं असेल तर धागा देतो. पांढराच आहे."

दुपारपर्यंत बाजारभर झालं: छत्रीवाल्याची बदकं भिजतात. गिऱ्हाइकं छत्री परत नेताना उगीच उघडून बघू लागली. छत्रीवाला आतून पेटला. बदक आपण होऊन भिजत नाही. कुठंतरी पाणी मुरत होतं.

पहिला संशय अर्थात लाँड्रीवाल्यावर. दुसऱ्या दिवशी तो त्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

"तुमची मोरी कुठं जाते?"

"का? सून करून घ्यायचीय तिला?"

"साबणाचं पाणी माझ्या अंगणात येतंय."

लाँड्रीवाला हसला नाही. त्यानं इस्त्री बाजूला ठेवली, छत्रीवाल्याला मागं नेलं आणि दगडी गटार दाखवलं. ते उलट्या अंगाला, रस्त्याकडे उतरत होतं. "आता पाणी चढ चढतं असं तुमचं म्हणणं असेल तर माझा इलाज नाही," तो म्हणाला. "घरात बघा. घरात बाईमाणूस कपडे धुतं ना?"

हे तो सहज बोलून गेला. पण संशयी माणसाच्या कानात सहज पडलेलं बीच आधी रुजतं.

घरात बाईमाणूस म्हणजे सून. मुलगा बसवर कंडक्टर. त्याचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. सून अंगणातल्या दगडावर कपडे धुवायची. बोलायला मोजकी, कामाला भरभर. तिनं एकदाच, आल्या आल्या, नाकाला पदर लावून म्हटलं होतं, "बदकांचा वास येतो नाही?" छत्रीवाल्यानं ते वाक्य तेव्हाच घडी घालून ठेवलं होतं. आता काढून झटकलं. वास येतो म्हणणारी. अंगण कपडे वाळत घालायला हवं असणारी. साबण हाताशी असणारी. आणखी काय पाहिजे?

तो परातीतलं पाणी हुंगू लागला. साबणाच्या वडीला अंगठ्याच्या नखानं खूण करून ठेवू लागला, म्हणजे किती झिजली ते कळावं. बाजारातून अवेळी घरी येऊन दाराआडून बघू लागला. सून कपडे धूत असायची, आणि बदकं तिच्यापासून चार हात लांब. ती लांब का? भितात. का भितात? इथं त्याचा संशय वेटोळं घालून बसायचा.

शेवटी त्यानं मुलाला गाठलं. "तुझ्या बायकोला सांग, बदकांच्या वाटेला जाऊ नको."

"काय केलं तिनं?"

"ते तिलाच विचार."

"बाबा, ती बदकांना हातसुद्धा लावत नाही."

"लावत नाही, की लावताना तू बघितलं नाहीस?"

मुलगा उठून गेला. छत्रीवाल्यानं दुसऱ्या दिवशी अंगणाच्या दाराला कुलूप घातलं. सून पुढच्या दाराशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर, बादलीत कपडे धुऊ लागली. तिनं एक अक्षर विचारलं नाही. ह्या न विचारण्याचाही छत्रीवाल्यानं अर्थ लावला: चोराच्या मनात चांदणं.

आणि बदकांसाठी त्यानं त्याला येत होतं ते केलं. कढई घरी आणली, मेण आणि जवसाचं तेल कढवलं, हाताला सोसेल इतकं कोमट केलं, आणि थोरलीला नि धाकटीला मांडीवर घेऊन पाठीपोटाला हलक्या बोटांनी चोळलं. मुकादमानं मनगटाला असा चावा घेतला की त्याच्या पाठीवर जेमतेम एक बोट फिरलं. ही गोष्ट छत्रीवाल्यानं कुणाला सांगितली नाही. घरातला शत्रू काय करतो ते बघायचं, तर आपला उपाय झाकून ठेवायला हवा.

उपाय लागू पडेना. थोरलीची पिसं एकमेकांना चिकटून त्यांच्या काड्या झाल्या आणि मधून कातडी दिसू लागली. धाकटी उन्हात उभी राहूनही थरथरायची. दाणे पुढे टाकले तर मान फिरवायची. छत्रीवाला तिच्यापुढं उकिडवा बसे, आणि त्याला आपल्या हाताची लाज वाटे. ज्या हातानं गावभर पाणी अडवलं, त्याला एवढंसं पाखरू आवरत नव्हतं. मग लाज उलटून राग होई, आणि राग पुन्हा सुनेकडे वळे.

एका संध्याकाळी मुलगा जेवताना मान खाली घालून म्हणाला, "बाबा, आम्ही दुसरीकडे खोली बघितली आहे. महिना सरला की जाऊ."

"मी जा म्हटलं का?"

"म्हणायचं काय राहिलंय? तिला मागच्या दारानं फिरायची चोरी आणि पुढच्या दारी तमाशा."

छत्रीवाल्यानं पाण्याचा तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला. आतल्या खोलीत भांडी लावायचा आवाज थांबला होता. सून ऐकत होती. त्याच्या डोळ्यांपुढं रिकामं घर आलं. सकाळचा चहा आपणच करायचा, दिवा आपणच लावायचा, आणि संशय घ्यायला जवळ भिंतींखेरीज कुणी नाही. पण तिनंच केलं असेल तर? मग गेलेलीच बरी. आणि केलं नसेल तर? हा दुसरा प्रश्न त्याला पहिल्यांदाच पडला, आणि पहिल्यापेक्षा जड निघाला. एकदा डोळ्यांनी बघू, त्यानं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा बाजाराला निघाला. निघताना कुलूप कडीला नुसतं अडकवलं, दाबलं नाही. दुपारी गल्लीच्या मागून येऊन, कुंपणाचा तट्टा सरकवून तो अंगणात शिरला आणि वाळत घातलेल्या एका मोठ्या ताडपत्रीमागं उभा राहिला. आत मेणाचा वास कोंडला होता. त्याच्या कपाळावरून घाम नाकावर आला, तरी त्यानं हात हलवला नाही.

दाराची कडी वाजली. सून बाहेर आली. एका हातात वाफाळती बादली, दुसऱ्या हातात साबणाची वडी. तिनं इकडंतिकडं पाहिलं, पदर खोचला, कोपऱ्यातून धाकटीला अलगद उचललं आणि पाण्यात बसवलं. मग हाताला साबण चोळून ती बदकाच्या पाठीवर फिरवू लागली. फेस आला.

छत्रीवाला ताडपत्री बाजूला सारून पुढं झाला. "सापडलीस."

सुनेनं मान वर केली. दचकली, पण धाकटीला सोडलं नाही.

"बरं झालं आलात, मामंजी," ती म्हणाली. "हिची मान धरा. डोळ्यांत फेस जाईल."

त्याला बोलायचं खूप होतं. महिनाभर जमवून ठेवलं होतं. पण धाकटीची मान खरोखरच फेसाकडे झुकत होती. तो खाली बसला आणि त्यानं मान धरली.

"साबण घालतेस तिला," तो म्हणाला. "माझ्या डोळ्यांदेखत."

"घालतेय. हिच्या अंगाला हे काय लागलंय? काल कुंपणापाशी आली होती, बाहेरून फटीतून हात लावला तर चिकटला. ताडपत्रीचा वास येतो."

छत्रीवाल्यानं धाकटीची मान जरा वर धरली.

"कुणी लावलं असेल हे?" तिनं विचारलं. विचारताना ती बदकाकडेच बघत होती.

"मी लावलं."

"का?"

"पाणी लागू नये म्हणून."

"आमच्या शेजारच्या बाईनं एकदा केस वाढावेत म्हणून डोक्यावर एरंडेल ओतलं होतं. केस वाढले नाहीत, उशी मात्र डोक्याला चिकटली." ती हसली नाही, पण ओठ हलले. "मला बदकांतलं काही कळत नाही, मामंजी. एवढंच कळलं की ही चिकटली आहे, आणि चिकट आधी काढलं पाहिजे."

तिनं फेस धुतला. छत्रीवाल्याला वाटलं, झालं. पण ती दुसरी बादली घेऊन आली, मग आणखी एक. पिसं उलटी करून, बोटांनी मोकळी करून, पाणी कोमट आहे ना ते मनगटावर बघून ती धुतच राहिली. पाण्यावर फेसाचा एक बुडबुडा दिसेनासा झाला तेव्हा थांबली. "साबण आत राहिला तर तोही वैरीच," ती म्हणाली आणि धाकटीला जुन्या लुगड्यात गुंडाळून चुलीच्या उबेला घेऊन गेली.

छत्रीवाला मागोमाग गेला. "कुलूप कसं उघडलंस?"

"नुसतं अडकवलेलं होतं. मला वाटलं, तुम्हीच मुद्दाम उघडं ठेवलंत. मनातून राग गेला असेल."

मुद्दाम ठेवलं होतं हे खरंच होतं.

"आणि मी मेण लावायच्या आधीही ती भिजत होती, त्याचं काय?" त्यानं विचारलं. खोड सुटत नव्हती.

"ते मला नाही माहीत," ती म्हणाली. "पण एक विचारू? साबणाच्या वडीवर नखाची खूण कोण करतं?"

"उंदीर असेल."

"उंदराला अंगठा असतो?"

छत्रीवाला चुलीत फुंकर घालू लागला. चूल चांगली पेटलेली होती.

पुढचे दोन दिवस सुनेनं थोरलीलाही तसंच धुतलं, दोघींना घरातच कोरड्या भुशावर ठेवलं, आणि अंगणात कपडे भिजवायचं मोठं घंगाळ काठोकाठ भरलं. "ह्यांना धड आंघोळ तरी मिळू दे," ती म्हणाली. छत्रीवाल्याला पटलं नाही. आधीच भिजणाऱ्याला आणखी पाणी? पण खोली बघून ठेवलेल्या माणसांशी वाद घालायला जीभ उचलेना.

पहिला उतरला मुकादम. मेण त्यालाच सर्वांत कमी लागलं होतं. त्यानं डोकं बुडवलं, पंख आपटले, घंगाळातलं निम्मं पाणी छत्रीवाल्याच्या धोतरावर उडवलं. मळाचा एक तवंग वर आला. मग तो काठावर चढला, मान मागं वळवली आणि शेपटीच्या मुळाशी चोच खुपसून काहीतरी चिमटू लागला. छत्रीवाला जवळ सरकला. शेपटीच्या बुडाशी बोंडासारखी एक गाठ होती. मुकादम तीवर चोच घाशी, गाल घाशी, आणि तेच पिसांवर आणून लावी. एकेक पीस चोचीत धरून मुळापासून टोकापर्यंत ओढी, जसा आपण दोऱ्याला मेण लावतो. छाती झाली, कूस झाली. पाठीवर जिथं छत्रीवाल्याचं बोट फिरलं होतं, तिथं मात्र चोच अडे. मुकादम मान झटकी, तोंड वाईट झाल्यासारखं करी, आणि पुन्हा तिथंच झटू लागे.

छत्रीवाल्याला आपली ताडपत्री आठवली. ताडपत्रीला मेण लावण्याआधी तो स्वतः ती दगडावर आपटून धुवायचा. मळक्या कापडावर मेण बसत नाही, हे त्यानं किती गिऱ्हाइकांना सुनावलं होतं. हे पाखरूही तेच करत होतं: आधी धुणं, मग तेल. त्याचं धुणं बंद कुणी केलं? डबकं कुणी तोडलं, परात कुणी दिली, चिखल कुणाच्या राज्यात झाला? तो एकेक पाकळी चाचपत गेला, आणि प्रत्येक भोक त्याच्याच बोटाएवढं निघालं.

त्यानं त्या संध्याकाळी दाराचं कुलूप पेटीत टाकलं. क्षमा मागायचे शब्द त्याच्याकडे नव्हते, घराण्यातच नव्हते. तो सुनेला म्हणाला, "खोली कुठं बघितली आहे?"

"दोन गल्ल्या सोडून."

"गळते का?"

"बघितलं नाही."

"मी येऊन बघतो."

आणि तो खरंच गेला. मुलगा आणि सून दारात उभी, आणि हा स्टुलावर चढून छत चाचपतोय, एक डोळा मिटतोय. खाली उतरून म्हणाला, "गळेल."

"एक ओल दिसत नाही, बाबा," मुलगा म्हणाला. "कशावरून?"

"माझा संशय आहे."

सून आधी भिंतीकडे वळली. तिचे खांदे हलत होते. वळली तेव्हा चेहरा सरळ होता. "ह्या पिसांतलं मेण पुरतं निघत नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "ती झडून नवी आली की बदकं खरी बरी होणार. तोवर पाणी बदलायला कुणीतरी लागेल. पिसं झडेपर्यंत थांबू. मग बघू." मामंजींकडे तिनं पाहिलं नाही. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि छत्रीवाल्यानंही तसं समजून घेतलं नाही.

दिवस गेले. घंगाळाचं पाणी रोज बदलू लागलं, भुसा कोरडा राहू लागला. धाकटी दाणे टिपू लागली, मग घंगाळात उतरली. पोटाखाली अजून भिजायची, पण थरथर थांबली. ऊन तापू लागलं तेव्हा एका पहाटे छत्रीवाला अंगणात आला आणि जागीच उभा राहिला. जमिनीवर पिसं होती. चिकट, काड्या झालेली, त्याच्या हातच्या मेणाची. त्यानं दाराकडे पाहिलं, घर झोपेत होतं. त्यानं खाली बसून एकेक पीस वेचलं, कोपऱ्यातलं, घंगाळामागचं, तट्ट्यात अडकलेलंसुद्धा, आणि ताडपत्रीच्या एका तुकड्यात बांधून छत्र्यांच्या पेटीत, तळाशी, ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशीही तसंच. रोज तो सर्वांच्या आधी उठायचा. मुलानं एकदा विचारलं, "झडायला लागली का हो?" तर म्हणाला, "छे, कुठं? ह्या जातीला वेळ लागतो."

पेटीचं झाकण बसेना झालं तेव्हा एका सकाळी सून दारात उभी होती. छत्रीवाला उकिडवा, मुठीत पिसं. घंगाळातून धाकटी बाहेर आली, अंग झटकलं, आणि पाणी तिच्या नव्या पाठीवरून मणी मणी होऊन पळालं. दोघांनीही ते पाहिलं.

"मामंजी," सून म्हणाली, "यंदा पिसं झडायला फार उशीर झाला नाही?"

"झाला खरा," छत्रीवाला म्हणाला आणि मूठ पाठीमागं नेली.

"पुढच्या वर्षापर्यंत लांबेल असं दिसतंय."

"लांबेल. माझा तसा अंदाज आहे."

ती रिकामी बादली उचलून नळाकडे गेली.